डोहातली मंदाकिनी

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती व्हायला बाई मिळाली नाही, अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. सहा वर्षांनी, १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये, फाळक्यांची सात वर्षांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. आदल्या वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्येही कृष्ण तीच होती. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा शाबूत आहे, म्हणून तिचं काम आजही डोळ्यांनी पाहता येतं.

पडद्यावर आधी कृष्ण येतच नाही, मंदाकिनी येते. कॅमेऱ्याकडे तोंड करून ती एकेक भाव करून दाखवते आणि मग तिच्याच जागी कृष्ण उमटतो. फाळके उघडच सांगतात : ही आमची पोर, आणि हा आता देव. एवढं कळल्यावर देव खरा कसा वाटावा? पण वाटतो. गोकुळातल्या खोड्या करताना ती देवपणाचा आवच आणत नाही. सवंगड्यांच्या घोळक्यात निव्वळ एक वांड पोर असते. मला तिच्या कामातलं हेच फार मोठं वाटतं.

या सुरुवातीचं मोल डोहापाशी कळतं. कृष्ण यमुनेत उडी घेतो, तेव्हा बुडते ती आपल्या ओळखीची झालेली मुलगी. फाळके पाण्याखालची झुंज दाखवतात, लगेच काठावरचा आकांत दाखवतात, पुन्हा पाणी. यशोदेला लोकांनी धरून ठेवलेलं असतं. टाहो ऐकू येत नाही, नुसती माणसं दिसतात. होडीला उशीर झाला की वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर माणसं जशी पाण्याकडे बघत थांबतात, तसंच हे थांबणं. झुंजीतली ट्रिक आज ओळखू येते. काठावरची भीती जुनी झालेली नाही. शेवटी कालियाच्या फण्यावर ती वर येते, तेव्हा देव प्रकटल्यापेक्षा लेकरू सापडल्याचा आनंद मोठा असतो.

आमच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात आणि आठ दिवसांनी गोकुळाष्टमी येते. त्या आठवड्यात एका संध्याकाळी किनाऱ्याजवळ पडदा बांधून मंडळांनी हा मूकपट लावावा. आणि पोराटोरांना पुढे बसवावं.