५७९८ पैकी ३०७: उरलेल्यांचं काय?

आज एक जुना पेपर घेऊ. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला, 'आयबिस' या गटाचा. १९९३ ते १९९७ या काळात भारतातल्या सहा मोठ्या रुग्णालयांनी न्यूमोकोकसवर, म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या जिवाणूवर, पाळत ठेवली. त्यात आपलं नागपूरही होतं. मुलाखतीत 'एखाद्या पेपरचं परीक्षण करा' म्हटलं की आपण 'सँपल साइझ कमी आहे' म्हणून मोकळे होतो. त्याच्या थोडं पुढे जाऊ या.

आधी पेपरचं मोठेपण. गंभीर जिवाणूसंसर्गाचा संशय असलेल्या ५७९८ रुग्णांपैकी ३०७ जणांत न्यूमोकोकस वाढला. पाच वर्षांखालच्या मुलांत ८४ पैकी २४ वेळा तो १ किंवा ५ या सिरोटाइपचा होता. सिरोटाइप म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या कवचाचा प्रकार. लस त्याच कवचाविरुद्ध काम करते. २००० साली अमेरिकेत जी सात प्रकारांची लस आली, तिच्यात १ आणि ५ नव्हते! म्हणजे ती लस जशीच्या तशी इथे आणली असती, तर मोठा वाटा सुटला असता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांच्या लसीत हे दोन्ही आहेत. म्हणून असलं मोजमाप लागतं.

आता २४/८४ कडे नीट बघा. टक्केवारी २९, पण ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली तर साधारण १९ ते ३८. हे गणित स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. एवढ्या रुंद पट्ट्यावर 'भारतातलं प्रमाण' असं लिहिताना हात थोडा थांबला पाहिजे.

पण माझा खरा आक्षेप आकड्याच्या आधीचा आहे. पुसदहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या वर. तापानं फणफणलेलं, मान ताठ झालेलं मूल आधी गावातल्या डॉक्टरकडे जातं, मग यवतमाळ किंवा नांदेड, आणि जमलं तर नागपूर. वाटेत अँटिबायोटिक सुरू होतं, आणि व्हायलाच हवं. जीव आधी, कल्चर नंतर. पण त्यानंतर मणक्यातलं पाणी काढलं तर जिवाणू बऱ्याचदा वाढतच नाही. मूल आजारी असतं, पेपरमध्ये नसतं. उरलेल्या ५४९१ जणांना वेगळे आजार असतीलही, पण असे किती निसटले, हे कल्चर सांगू शकत नाही.

बरं, हे निसटणं सगळ्या जिवाणूंना सारखं लागू होतं का? नाही. पेपरमध्ये ५६ टक्के जिवाणू को-ट्रायमोक्साझोलला दाद देत नव्हते. हेच औषध त्या काळी खेड्यापाड्यांत न्यूमोनियावर सर्रास दिलं जायचं. औषधानं मरणारे वाटेतच मेले आणि न मरणारे ताटलीवर उगवले, तर प्रतिकाराचा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला दिसेल. 'बायस आहे' एवढं म्हणून थांबू नका. तो आकडा कुठल्या बाजूला ढकलतो, ते सांगा. परीक्षण तिथे सुरू होतं.

दुसरी मर्यादा काळाची. सिरोटाइप म्हणजे अंगावरचा सदरा, कूळ नव्हे. सात जनुकांच्या क्रमावरून कूळ ठरवण्याची पद्धत, एमएलएसटी, १९९८ साली आली. तोवर या पेपरचे नमुने गोळा करून झाले होते, तेव्हा लेखकांना दोष देता येत नाही. पण २००३ साली जगभरातल्या सिरोटाइप १ ची कुळं तपासली तेव्हा युरोप-उत्तर अमेरिकेत एक, आफ्रिकेत दुसरं, दक्षिण अमेरिकेत तिसरं असं चित्र दिसलं. सदरा एकच, घराणी तीन. एकाच वॉर्डात सिरोटाइप १ चे पाच रुग्ण आले तर ती एकच साथ की पाच सुट्या घटना, हे सदऱ्यावरून ठरत नाही. त्यासाठी जनुकं वाचावी लागतात.

आज आपल्याकडे संपूर्ण जीनोम वाचायची सोय आहे. पण यंत्र कितीही भारी असलं तरी जो नमुना पोचलाच नाही, त्याचा जीनोम ते वाचणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी 'जनुकीय विविधता' असं शीर्षक दिसलं की निकालाआधी पद्धतीचं पान उघडा आणि विचारा: ही विविधता जिवाणूंची, की रुग्णालयापर्यंत पोचू शकलेल्या रुग्णांची?