तीन पाहुणे, आठ घरचे

मोबाइलवर दोन स्कोअरकार्डं शेजारी शेजारी उघडा. पहिलं रणजी करंडकाच्या २०१७-१८च्या अंतिम सामन्याचं : विदर्भ विरुद्ध दिल्ली, इंदूरचं होळकर स्टेडियम. दुसरं २०२४-२५च्या अंतिम सामन्याचं : विदर्भ विरुद्ध केरळ, नागपूरजवळचं जामठा. दोन्ही वेळा करंडक विदर्भाकडेच आला. तेव्हा निकाल सोडा, नावं वाचा.

इंदुरात दिल्लीकडून ध्रुव शोरीने १४५ धावा काढल्या होत्या आणि विदर्भाकडून आदित्य सरवटेने ७९. सात वर्षांनी जामठ्यात हाच शोरी विदर्भाची टोपी घालून उतरला आणि हाच सरवटे केरळची. सरवटेच्या धावा पुन्हा ७९च. फक्त या वेळी त्या विदर्भाविरुद्ध होत्या.

एखाद्या कादंबरीकाराने असं लिहिलं असतं, तर संपादकाने ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून पान परत पाठवलं असतं. पण हे जुळवलेलं नाही. भारतीय क्रिकेटमध्ये राज्य बदलायची एक रीतसर सोय आहे, तिच्यामुळे झालेलं आहे. जुन्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी घ्यायची आणि दुसऱ्या राज्याकडून खेळायचं. बाहेरून आलेल्याला ‘पाहुणा खेळाडू’ म्हणतात आणि एका राज्याला असे जास्तीत जास्त तीन ठेवता येतात. आयटीत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. एनओसी म्हणजे रिलीव्हिंग लेटर, आणि पाहुणा म्हणजे लॅटरल हायरिंग.

आपल्याकडे खेळाडूवर लिहितात, सामन्यावर लिहितात. संघाच्या यादीवर फारसं कोणी लिहीत नाही. पण अकरा नावांची यादी हीसुद्धा एक रचना असते. कोणाला घेतलं, कोणाला कोणाच्या शेजारी ठेवलं, कोणती जागा रिकामी सोडली, यातून ती बनते. मग तिची समीक्षा का करू नये? विदर्भाची यादी तर त्यासाठी सगळ्यात चांगला मजकूर आहे.

दोन वाचनं, दोन्ही अपुरी

विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळतोय. पहिल्यांदा अंतिम फेरी गाठायला त्याला साठ वर्षं लागली. ती गाठली आणि १ जानेवारी २०१८ला नऊ गडी राखून जिंकलीही. त्यानंतर या विजयाची दोन वाचनं प्रचलित झाली.

पहिलं वाचन ‘परीस’वाल्यांचं. वसीम जाफर मुंबईहून आला, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि लोखंडाचं सोनं झालं. दुसरं ‘भाडोत्री’वाल्यांचं. बाहेरचे आणून जिंकलं, त्यात आपलं काय?

दोन्ही गटांचं एका गोष्टीवर एकमत आहे : कर्ता बाहेरचा होता. एक गट त्याबद्दल हात जोडतो, दुसरा नाक मुरडतो, एवढाच फरक. साहित्यातही हे आपण पाहिलंय. गावाकडच्या माणसाने चांगलं पुस्तक लिहिलं, की कोणाचा प्रभाव आहे हे शोधायला आधी धावायचं. पुस्तक नंतर वाचायचं.

मग यादी वाचू. इंदूरच्या सामन्यात दिल्लीचा डाव रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेऊन गुंडाळला. तिसरा बळी होता १४५वर खेळणारा शोरी. गुरबानी नागपूरचा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. (आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी ‘इंजिनिअर काहीही करू शकतो, इंजिनिअरिंग सोडून’ हा विनोद किती जणांनी टाकला, मोजलं नाही.) फलंदाजीत जाफरने ७८ केल्या, पण शतक ठोकलं अक्षय वाडकरने. पहिलाच मोसम खेळणारा हा यष्टिरक्षक, १३३ धावा, कारकिर्दीतलं पहिलं शतक. आदित्य ठाकरे नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना खेळत होता, तोही थेट रणजी फायनल.

म्हणजे जाफर या यादीचा नायक नाही. तो तिचा व्याकरणकार आहे. वाक्यं दुसऱ्यांनी बोलायची, पण ती मोडू नयेत म्हणून कोणीतरी नियम माहीत असलेला माणूस क्रीजवर हवा. शेवटचे विजयी फटके त्याने मारले, हे छायाचित्रासाठी छानच. पण त्याचं खरं काम आकड्यात दिसायला सात वर्षं जावी लागली. २०२५मध्ये करंडक उचलणारा कर्णधार कोण होता? अक्षय वाडकर.

पाहुण्याने काय दिलं याचा हिशोब तो असताना करायचा नसतो. तो गेल्यावर घरात काय उरलं, हे पाहायचं असतं.

गेलेल्याची जागा

यादी बनवणं म्हणजे आणणं, असं आपण धरून चालतो. आयपीएलच्या लिलावाने ही सवय पक्की केली. कोण आला, कितीला आला. अवघड भाग असतो तो कोणाला जाऊ देण्याचा.

सरवटे काही साधा खेळाडू नव्हता. २०१९ची फायनल, सौराष्ट्राविरुद्ध, जामठ्यालाच. त्याने सामन्यात अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच बाद केलं, एकदा एक धावेवर, एकदा शून्यावर. विदर्भ ७८ धावांनी जिंकला. लागोपाठ दुसरा करंडक ज्याच्या डाव्या हातातून आला, तो माणूस २०२४-२५ला केरळकडे गेला. केरळला पहिल्यांदा रणजीच्या अंतिम फेरीत नेण्यात त्याचा मोठा हात होता. गुजरातविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन धावांची आघाडी ज्या बळीने मिळाली, तो त्याचाच. गुरबानीही त्याच मोसमात महाराष्ट्राकडे गेला. २०१८ आणि २०१९च्या गोष्टीतली दोन मुख्य पात्रं एकाच वर्षी पुस्तकातून बाहेर.

सरवटे गेला त्याच मोसमात विदर्भाचा दुसरा एक डावखुरा फिरकीपटू, हर्ष दुबे, ६९ बळी घेऊन गेला. रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम आहे. मोसमात सगळ्यात जास्त धावा यश राठोडच्या, ९६०. अंतिम सामन्यात विदर्भ ३ बाद २४ असताना करुण नायरला साथ द्यायला उभा राहिला दानिश मालेवार, पहिलाच मोसम, एकवीस वर्षांचा. दोघांनी २१५ धावा जोडल्या, त्यात मालेवारच्या १५३. विदर्भाला पहिल्या डावात आघाडी मिळाली ३७ धावांची, आणि तेवढ्यावर करंडक.

सरवटेच्या ७९मुळे ती आघाडी नाहीशी व्हायची वेळ आली होती. दुसऱ्या डावात १३५ काढून नायर यष्टिचीत झाला, तोही सरवटेच्याच चेंडूवर. विदर्भाचा माणूस केरळसाठी गोलंदाजी करतोय, कर्नाटकचा माणूस विदर्भासाठी बाद होतोय, आणि मैदान जामठ्याचं. ‘आपला’ हा शब्द त्या क्षणी कोणाला लावायचा?

माझं उत्तर : दोघांनाही. आणि यादी चांगली असण्याची हीच खूण आहे. जिच्यातून माणूस गेला तरी ती कोसळत नाही, आणि गेलेला माणूस दुसरीकडे उभा राहतो, ती रचना पक्की. कोडच्या भाषेत सांगायचं तर एक मॉड्यूल काढल्यावर सगळं बंद पडत असेल, तर दोष मॉड्यूलचा नसतो.

नायरचंच घ्या. कसोटीत त्रिशतक केलेला माणूस, कर्नाटकने २०२२मध्ये वगळला, २०२३-२४ला विदर्भात आला. २०२४-२५च्या विजय हजारे करंडकात त्याने ७७९ धावा केल्या आणि अंतिम सामना हरला, तोही कर्नाटकशीच. मग रणजी जिंकली, भारतीय संघात परतला आणि २०२५-२६साठी पुन्हा कर्नाटकला गेला. ‘भाडोत्री’वाले म्हणतील, बघा, गेला ना. पण भाडेकरूही दोन वर्षांत परसात झाड लावून जातोच की. प्रश्न झाडाला नंतर पाणी कोण घालतं, हा आहे.

मर्यादा नसली की काय होतं

तीनची मर्यादा का महत्त्वाची, हे अमेरिकेत पाहावं. तिथलं कॉलेज फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडूचं, आपल्या रणजीपेक्षा कैक पटींनी श्रीमंत. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०१८मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ आलं, २०२१मध्ये पहिल्या बदलासाठी बाहेर बसायची अट गेली आणि त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली. खेळाडूंसाठी हे न्याय्यच होतं. त्यांच्या घामावर इतरांनी दशकानुदशकं कमावलं होतं.

पण यादीचं काय झालं? कोलोराडो विद्यापीठाचा संघ २०२२ला बारापैकी एकच सामना जिंकला. डिऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी एका झटक्यात पन्नासहून जास्त खेळाडू बाहेरून आणले. २०२३ला चार विजय. २०२४ला नऊ. त्या वर्षीचे दोन सगळ्यात मोठे तारे सँडर्सच्या आधीच्या कॉलेजातून त्यांच्याबरोबर आले होते. ते व्यावसायिक लीगमध्ये गेले आणि २०२५ला विजय परत तीनवर. झाड लागलंच नव्हतं, कुंड्या आणून ठेवल्या होत्या.

मर्यादा ही रचनेची शत्रू नसते. अभंगाला चरण असतात म्हणून तो अभंग. तीन पाहुणे म्हणजे आठ जागा घरच्यांनीच भरायच्या, आणि त्यासाठी घर असावं लागतं. विदर्भाने २००९ला निवासी अकादमी सुरू केली, ते घर.

ज्या बदलीला एनओसी लागत नाही

इथपर्यंत माझं वाचन विदर्भाच्या बाजूचं आहे. आता तक्रार.

मी वाशिम जिल्ह्यातला, मंगरूळपीरकडचा. ‘घरचे आठ’ म्हणताना आपण विदर्भ हे एकच घर धरतो. पण या घराला अकरा खोल्या आहेत आणि दिवा एकीकडेच जास्त आहे. स्टेडियम नागपूरला, अकादमी नागपूरला. मुंबईहून नागपूरला येणं ही बदली ठरते. तिची बातमी होते, करार होतो. वाशिमहून नागपूरला जाणं ही बदली ठरतच नाही, कारण कागदावर आपण आधीच ‘स्थानिक’ असतो.

आमच्या वर्गात एक डावखुरा होता. चेंडू असा वळवायचा की मॅटवरसुद्धा यष्टिरक्षकाचा अंदाज चुकायचा. एका कॉलेजने फी माफ करून त्याला संघात घेतलं, कारण विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी त्यांना स्पिनर हवा होता. हीसुद्धा यादी बनवणंच. पुढच्या वर्षी त्यांना दुसरा मिळाला आणि माफीचा कागद कुठेतरी अडकला. नागपूरला खोली घेऊन राहावं, तर खोलीभाडं, मेस आणि किटचा खर्च सोयाबीनच्या एका हंगामात बसणारा नव्हता. त्याच्या बाबांनी एवढंच विचारलं, “थे रणजी की काय थे, त्याची गॅरंटी हाय का?” गॅरंटी कोण देणार? तो आता कारंज्याला कृषी केंद्र चालवतो. दुकान बरं चालतं. मला त्याची कीव करायची नाही, त्यालाही ते आवडणार नाही.

पण स्कोअरकार्ड वाचताना मला ती जागा दिसते. यादीत नसलेल्या नावाची समीक्षा करता येत नाही, हे खरं. तरी समीक्षकाने निदान विचारावं, की हे पुस्तक लिहिलं जाताना कोण कोण लिहायला बसूच शकलं नाही.

‘बाहेरचे नकोत’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच. नायरला नाही म्हटल्याने मंगरूळपीरच्या पोराला जागा मिळत नाही. ती जागा नागपुरातल्या चौथ्या चांगल्या फलंदाजाला मिळते. पाहुण्यांची संख्या कमी करणं सोपं आहे, त्याने घरच्यांची व्याख्या रुंदावत नाही. व्याख्या रुंदावते ती जिल्ह्याच्या ठिकाणी टर्फची खेळपट्टी आल्याने, तिथे वर्षभर राहणारा प्रशिक्षक मिळाल्याने, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या खोलीभाड्याची सोय झाल्याने. पाहुण्यावर होणाऱ्या खर्चाच्या शेजारी हा खर्चही मांडा. मग मी दोन्हींचा हिशोब आनंदाने वाचेन.

स्वतः मी पुण्यात नोकरी करतो. इथे कोणी ‘मूळचे कुठले?’ विचारलं की मी वाशिम सांगतो, आणि समोरचा ‘म्हणजे नागपूरकडे का?’ म्हणतो. पुण्याच्या यादीत मी पाहुणा आहे, नागपूरच्या यादीत घरचा, आणि दोन्हीकडच्या लोकांना वाशिम नकाशावर दाखवायला थोडा वेळ लागतो.

नायर गेल्यानंतर, ऑक्टोबर २०२५मध्ये विदर्भ इराणी करंडकासाठी शेष भारताविरुद्ध जामठ्यात उतरला आणि ९३ धावांनी जिंकला. त्या सामन्यात १४३ धावा काढून सामनावीर ठरला अथर्व तायडे. तायडे अकोल्याचा. वाशिम जिल्हा १९९८ला वेगळा झाला, तो अकोल्यातूनच. म्हणजे दिवा एक खोली पुढे सरकलाय. त्या सामन्याचं स्कोअरकार्डही उघडून पाहा, आणि या वेळी प्रत्येक नावापुढे त्याचं गाव लिहून वाचा.