मोरपंखी पोशाख : वैभव कोणाचे, श्रम कोणाचे?

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात केडल्स्टन हॉल हा कर्झन घराण्याचा वाडा आहे. तेथील संग्रहात एक पोशाख जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनची पत्नी मेरी हिने तो जानेवारी १९०३ मध्ये, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त भरलेल्या दिल्ली दरबाराच्या वेळी, लाल किल्ल्यातील नृत्यसमारंभात घातला होता. मेरी ही लीटर या शिकागोच्या धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी. वस्त्रांच्या अभ्यासकांनी या पोशाखाचे भरभरून कौतुक केले आहे. ते कौतुक खोटे नाही. पण अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी आपण बोलले पाहिजे.

तलम कापडावर सोन्याचांदीच्या जरीने एकावर एक मोरपिसे भरलेली आहेत. पिसांच्या डोळ्यांत भुंगेऱ्याचे चमकदार हिरवे पंख टाचलेले आहेत. वजन सुमारे साडेचार किलो. भरतकाम हिंदुस्थानातल्या जरदोजी कारागिरांचे. भरलेले कापड पॅरिसला गेले आणि वर्थ या नामांकित पेढीने त्याचा पोशाख शिवला. घालणारीचे नाव राहिले, पेढीचे नाव राहिले. ज्यांनी वाकून, डोळे फोडून एकेक पीस भरले, त्या माणसांना मात्र ‘भारतीय कारागीर’ एवढेच सामुदायिक नाव उरले. नाव पुसणे हीही शोषणाची एक रीत आहे.

मोर का निवडला, हेही पाहावे. याच किल्ल्यातले मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्ये लुटून नेले. त्याच जागी राज्यकर्त्याची पत्नी मोर होऊन उभी राहते, तेव्हा ते सत्तेचे अंगावर पांघरलेले सिंहासन असते.

दरबाराच्या जेमतेम तीन वर्षे आधी, १८९९-१९०० मध्ये, मुंबई इलाखा, मध्य प्रांत, राजपुताना दुष्काळाने होरपळले होते. १९०० च्या मध्याला साठ लाखांच्या आसपास माणसे सरकारी मदतीवर तगून होती. सढळ हाताने मदत केली तर लोकांचा स्वावलंबीपणा ढिला पडेल, असे तेव्हा बजावणारा व्हाइसरॉय हाच कर्झन. उपाशी माणसाच्या भाकरीचा काटेकोर हिशेब आणि दरबाराच्या झगमगाटाला मोकळा हात, ही एकाच राजवटीची दोन तोंडे आहेत. सौंदर्याला इतिहास नसतो, असे सांगणाऱ्या समीक्षकांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

परंतु नुसत्या साम्राज्यशाहीला शिव्या देऊन आपली सुटका होणार नाही. त्याच दरबारात आपले राजेमहाराजे जडजवाहीर लेवून हजर होते. आणि कापडाने माणसाची पायरी ठरवण्याची विद्या इंग्रजांनी येथे आणलेली नाही. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, हे मनुस्मृतीने फार पूर्वीच सांगून ठेवले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी पद्धत सोडायला सांगितले, आणि त्या मायबहिणींनी ती तिथल्या तिथे सोडली. लेडी कर्झनचा पोशाख शंभर वर्षांहून अधिक काळ जपला गेला. महाडच्या त्या लुगड्यांपैकी एखादे जपावे, असे तेव्हा कोणत्या संग्रहालयाला वाटले? आपल्या मते इतिहास घडवणारे वस्त्र ते आहे.

मोरपंखी पोशाख जाळा, फेका, असे आमचे म्हणणे नाही. त्यातले कौशल्य आपल्याच श्रमिकांचे आहे. तो अवश्य जपावा. पण त्याच्या शेजारी दुष्काळाची तारीख लिहिली जावी आणि कारागिरांची नावे शोधली जावीत. सापडत नसतील तर ती का सापडत नाहीत, हे लिहावे.

ही मागणी डर्बीशायरपुरती नाही. आपल्या शहरांतल्या संग्रहालयांतही सरदार घराण्यांच्या पैठण्या आणि शालू काचेआड आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तिथे न्यावे आणि तीन प्रश्न विचारायला लावावेत : हे कोणी विणले? त्याला मजुरी काय मिळाली? आणि त्याची बायको काय नेसत होती?