‘पुढे जाऊ का?’ असे संगणक विचारतो तेव्हा

लिनक्स घराण्यातील डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्यांना ‘ॲप्ट’ परिचित असेल. नवी आज्ञावली बसवणे, जुनी अद्ययावत करणे, नको ती काढणे ही कामे तो करतो. आपण एक नाव सांगायचे. त्या आज्ञावलीला लागणारे इतर घटक तो स्वतःच शोधून आणतो. मात्र हात घालण्यापूर्वी आपला बेत पडद्यावर मांडून तो विचारतो : पुढे जाऊ का? एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने या मांडणीचे रूप पालटले. त्याच वर्षीच्या डेबियन १३ मध्ये ती आहे.

पूर्वी सगळी नावे एकामागून एक, परिच्छेदासारखी सलग छापली जात. पन्नास नावांच्या त्या गर्दीत नेमके काय जाणार आहे, हे शोधणे म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखेच. आता नावे स्तंभांत येतात. बसवायची हिरवी, काढायची लाल. शेवटी किती नवी, किती काढायची याचा गोषवारा असतो आणि चकतीवर किती जागा लागेल तेही कळते. बदल चांगला आहे, यात आम्हाला शंका नाही.

पण वाचता येणे आणि समजणे यांत अंतर आहे. २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध तंत्रज्ञान-निवेदकाने पॉप ओएस या प्रणालीवर ‘स्टीम’ ही खेळांची आज्ञावली बसवायला घेतली. एका घटकाच्या आवृत्तीचा मेळ बसत नव्हता. तो बसवण्यासाठी ॲप्टने चित्रमय पडद्याचे घटकच काढायचे ठरवले आणि तसा इशाराही दिला. ‘होय, मी सांगतो तसेच कर’ या अर्थाचे वाक्य टंकायला लावले. त्यांनी ते टंकले आणि पडदा गेला. पुढे ॲप्टने हे वाक्य स्वीकारणेच बंद केले. अत्यावश्यक घटक काढायचा तर आता आज्ञेतच तसे स्पष्ट लिहावे लागते. कुलूप ठीक, पण खेळ बसवताना पडदा का जातो, हे कुलूप सांगत नाही.

लाल रंगही ते सांगत नाही. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्याला तो उपयोगी नाही. पडदा ऐकून वापरणाऱ्या अंध वाचकालाही नाही. मजकूर कागदावर काळ्या शाईत छापला की रंग संपलाच. अशा वेळी शीर्षकच काय ते कामाला येते. (उत्तरपत्रिकेवर नुसती लाल फुली मारून मोकळे होणारे परीक्षक आपल्याला ठाऊक आहेतच.)

कारण ॲप्टला ठाऊक नसते असेही नाही. हिशेब त्यानेच केलेला असतो. २०२५ मध्येच पुढच्या ३.१ आवृत्तीत ‘का’ आणि ‘का नाही’ असे विचारण्याच्या दोन आज्ञा आल्या. उत्तम सोय, पण त्या आहेत हे ज्याला ठाऊक, तोच विचारणार. नवशिक्या ‘होय’ म्हणून मोकळा होतो.

प्रत्येक नावापुढे कारण छापले तर यादी पुन्हा लांबेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ते फक्त लाल नावांपुढे असावे. ‘अमुक काढत आहे, कारण तमुकशी त्याचे जमत नाही’ एवढी एक ओळ पुरे, आणि तीही प्रश्नाच्या आधी.