खऱ्या पंकची परीक्षा

नवीन जालन्यात गिटार, बेस आणि ड्रम घेऊन पंक वाजवणारा बँड शोधायला निघालेला माणूस बहुधा रिकाम्या हाती परतेल. इथे रोलिंग मिलचा खडखडाट आहे, लग्नातले ऑर्केस्ट्रा आहेत, कव्वाली आहे, भीमगीतं आहेत आणि मोबाइलवर रॅप लिहिणारी पोरं आहेत. तरीही खरा पंक कोणता, हा वाद इथे बसून घालायला काहीच हरकत नाही. कारण तो शेवटी ज्या प्रश्नावर येऊन अडतो, तो मराठी मुलखाला जुनाच आहे: गायचं तर परवानगी कुणाची घ्यायची?

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रामोन्सचा पहिला अल्बम आला. चौदा गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाहीत. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात सेक्स पिस्टल्सने राजघराण्यावर गाणं काढलं. बीबीसीने ते वाजवायचं नाकारलं, तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच सुमारास ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका घरगुती नियतकालिकाने गिटारच्या तीन कॉर्डची आकृती छापली आणि एवढ्या भांडवलावर बँड काढा, असं वाचकांना सांगितलं. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. अशोक शहाणे, राजा ढाले यांची पिढी त्याआधी दहा-बारा वर्षं प्रस्थापित मासिकांकडे पाठ फिरवून स्वतःची अनियतकालिकं काढत होती. संपादकाच्या होकाराची वाट न बघता आपलं आपण छापायचं, ही रीत आपल्याकडे लंडनच्या आधी रुजली होती.

पंकने रूढी मोडल्या आणि लगोलग स्वतःचं सोवळं नेसलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं ९२४ गिलमन स्ट्रीट हे सभागृह स्वयंसेवकांनी चालवलेलं. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे मंच नाही, असा त्यांचा नियम होता. ग्रीन डे तिथेच वाढला. पण बड्या कंपनीकडे गेल्यावर त्यालाही दार बंद झालं, आणि १९९४ चा त्याचा ‘डूकी’ जगभर लाखोंनी खपला. सभागृहाचा नियम म्हणून मला हे पटतं, कारण नव्या, बिनपैशाच्या पोरांसाठी जागा राखायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. समीक्षेचा निकष म्हणून मात्र तो कुचकामी आहे. करार कुणाशी झाला यावरून गाणं चांगलं की वाईट, हे कळत नाही.

आवडीनिवडीचं म्हणाल तर सेक्स पिस्टल्स मला कधीच फारसे भावले नाहीत. माल्कम मॅक्लॅरेन या कपड्याच्या दुकानदाराच्या आजूबाजूला जमलेला तो बँड. त्याच्या बंडाला पहिल्यापासून दुकानाचा वास होता. मला एक्स-रे स्पेक्स ऐकावासा वाटतो. गायिका पॉली स्टायरीन विशीतली, वडील सोमाली, दातांना तारा लावलेल्या, आणि तिच्या किंचाळीशेजारी एक सॅक्सोफोन. सुंदर दिसणं आणि सुरेल गाणं या दोन्ही सक्त्या ती एका दमात झुगारते. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरोधात मोठी सभा झाली, तिथे क्लॅशबरोबर हा बँडही वाजला. पंक पोशाखातून बाहेर पडून लोकांत आला तो अशा जागी.

इथून आपल्या जलशाकडे वळलं की चर्चेला खरं बळ येतं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा त्यांनी ठेवला. गण-गवळणीची देवभक्ती, शृंगार आणि बाईचं नाचणं काढून टाकलं. ढोलकी, डफ, तुणतुणं एवढ्या सामानावर गावच्या चावडीसमोर जातीचा हिशेब मांडला. कमीत कमी वाद्यं, उसना साचा, थेट बोली, समोर आपलेच लोक: पंकची जी लक्षणं पुस्तकांत दिलेली असतात, त्यांतलं इथे काय कमी आहे?

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तर शाळेत न शिकता मोठेपणी अक्षरं गिरवलेले. त्यांनी हजारो गाणी रचली आणि गावोगाव फिरून गायली. भीमगीतांवर एक आक्षेप नेहमी येतो: चाली सिनेमाच्या, मग यात अस्सल काय? हा आक्षेप घेणारे मैफलीच्या कानाने ऐकतात. ओळखीची चाल असली की दुसऱ्या कडव्याला अख्खी वस्ती गायला लागते. तालीम नको, पेटीवाला नको. लंडनच्या पोरांना तीन कॉर्डने जे दिलं, ते आपल्या वस्त्यांना सिनेमाच्या चालीने दिलं.

आता अलीकडचं. २००२ मध्ये गुजरातच्या दंगलींनंतर पुण्यात कबीर कला मंच सुरू झाला. त्यातून पुढे आलेली शीतल साठे वरच्या पट्टीत सूर लावते तेव्हा शब्द कळायच्या आत अंगावर काटा येतो. सूर धारदार, पण कुठेही चिरकत नाही. २ एप्रिल २०१३ ला ती आणि तिचा सहकारी सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर येऊन स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. सचिनला जामीन मिळायला २०१७ उजाडलं. मंचाच्या आणखी तिघांना २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण त्यांची काही गाणी भाषणाच्या वाटेने जातात आणि श्रोत्याला विचार करायला फट ठेवत नाहीत. शाहीर संभाजी भगत तिथे सरस ठरतात. ते आधी हसवतात आणि हसू ओठांवर असतानाच चिमटा काढतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) एका गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप लोकशाहिरावर येतो. त्या चित्रपटाचं संगीत भगतांचंच, आणि शाहिराच्या भूमिकेतले वीरा साथीदार हे स्वतः नागपूरचे कार्यकर्ते होते.

रॅपवाल्या पोरांनाही पोलीस चुकलेले नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे आमच्या शेजारचा, राज मुंगासे याच्यावर राज्यातल्या सत्तांतराची खिल्ली उडवणाऱ्या गाण्यावरून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे या रॅपरवरही कारवाई झाली. पन्नास वर्षांपूर्वी बीबीसी गाणं वाजवत नव्हती. आता गाणं फोनवर वाजतं आणि गायकाच्या दारात पोलीस येतात. मात्र गुन्हा दाखल होणं हे गाण्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. बातमी शिळी झाल्यावर टिकेल असं त्यात काय आहे, हे वेगळं तपासावं लागतं. मुंबईच्या स्वदेशी या रॅप गटाने २०१९ मध्ये आरेतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’ या कसोटीला उतरतं. आरेतल्या मेट्रो कारशेडचा वाद कुठेही पोचो, जमीन कुणाची हा त्यातला सवाल जुना होत नाही. उलट, मुंबईतल्या द रायट पेडलर्ससारख्या बँडने पंकचा वेग आणि खोडी दोन्ही झकास पकडली. गाणी प्रामुख्याने इंग्रजी असल्याने ती दादर ओलांडून फारशी पुढे आली नाहीत, एवढंच.

मग जालन्यात आज काय ऐकू येतं? १४ एप्रिलची, आंबेडकर जयंतीची मिरवणूक घ्या. ट्रकवर स्पीकरची भिंत, बेसचा ठोका पडला की बंद दुकानांची शटर थरथरतात, छातीत धडधड होते. गाणं वामनदादांच्या परंपरेतलं असतं, पण रीमिक्समध्ये पहिल्या ओळीपुढचं काहीच कानावर पडत नाही. ही ताकद मी हलकी लेखत नाही. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनी भर रस्ता दणाणून सोडणं हेच एक विधान आहे. तरी जलशाचं बळ शब्दात होतं, आणि शब्द बुडाला की तो ठोका कुठल्याही मिरवणुकीला, कुठल्याही झेंड्याखाली चालतो. तसा तो चाललेला आपण पाहतोच.

तेव्हा माझी कसोटी तीन प्रश्नांची. गाणाऱ्याने कुणाच्या होकाराची वाट पाहिली का? ऐकणाऱ्याला आपणही हे करू शकतो असं वाटलं का? आणि राग ओसरल्यावर गाण्यात काही उरलं का? रामोन्स दुसऱ्या प्रश्नात पहिले येतात, सेक्स पिस्टल्स तिसऱ्यात अडखळतात, वामनदादा तिन्हींत पास होतात. केस उभे की आडवे, हा प्रश्नच येत नाही.

अडचण जागेची आहे. जालन्यासारख्या शहरात सभागृह म्हणजे मंगल कार्यालय, आणि मंच म्हणजे कुणीतरी पुढारी प्रायोजक. गिलमन स्ट्रीटकडून घ्यायचं तर ते सोवळं नको, ती खोली घ्यावी: भाडं वर्गणीतून, दोन स्पीकर, एक माइक, आणि पुढाऱ्याचा फलक लावायचा नाही एवढा एकच नियम. आत डफ वाजो, रॅप होवो नाहीतर बेसूर गिटार. तो पंक आहे की नाही, यावर आपण नंतर सावकाश भांडू.