'करता येतं' म्हणजे 'केलं जायचं' नव्हे

मागच्या महिन्यात गाईडना प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचायला दिलं होतं. परत आलं तेव्हा एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात एकच शब्द : 'पुरावा?' वाक्य असं होतं : 'अठराव्या शतकात व्हर्जिनियातला बंदूक घडवणारा कारागीर लोखंडाच्या पट्टीपासून अख्खी रायफल स्वतःच तयार करत असे.' मला ते इतकं उघड वाटलं होतं की मी तळटीपही दिली नव्हती. शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की हे मी कुठे वाचलेलंच नाही. मी ते पाहिलंय, एका चित्रपटात. म्हणून तो चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी वही घेऊन. आजचा लेख त्याबद्दल.

चित्रपटाचं नाव 'द गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग'. १९६९ चा, साधारण तासाभराचा माहितीपट. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचं जुनं राजधानीचं गाव आहे. १९२६ पासून रॉकफेलर (धाकटे) यांच्या पैशातून ते अठराव्या शतकात दिसत असे तसं पुन्हा उभं केलं गेलं. आज ते गावच एक संग्रहालय आहे आणि तिथे जुन्या पद्धतीने काम करणारे लोहार, सुतार, छापखानेवाले आहेत. चित्रपटाच्या काळी त्यातलेच एक होते वॉलेस गस्लर. ते भट्टी, ऐरण, कानस आणि हाताने चालणारी जुन्या धर्तीची अवजारं एवढ्यावर एक ठासणीची रायफल पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवतात. निवेदन डेव्हिड ब्रिंकली या त्या काळच्या नामवंत टीव्ही वृत्तनिवेदकाचं.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात : नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं काळं मिश्रण. साधारण शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आत मळसूत्री खाचा पाडलेल्या असतील तर गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि नेम कितीतरी सुधारतो. ती रायफल.

आधी चित्रपटाचं मोठेपण सांगतो, कारण ते खरं आहे.

नळी घडवण्याचा भाग मी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. लोखंडाची लांब चपटी पट्टी तापवून एका सळईभोवती वळवतात आणि तिच्या दोन्ही कडा घणाखाली एकमेकींत जोडतात. एका वेळी इंच-दोन इंच. पुन्हा भट्टीत, पुन्हा ऐरणीवर. साडेतीन फुटांच्या आसपासची नळी अशी पूर्ण करायची. पुस्तकात याला एक वाक्य मिळतं : 'कडा तापवून जोडल्या जात.' किती तापवून? लोखंड पांढरटपणाकडे झुकून ठिणग्या टाकायला लागलं, की तोच क्षण. थोडं आधी काढलं तर सांधा धरत नाही, थोडं उशिरा काढलं तर लोखंड जळतं. तो रंग शब्दांत सांगता येत नाही, दाखवावा लागतो. चित्रपट तो दाखवतो.

खाचा पाडायची पद्धतही तशीच. एका जाड लाकडी दांड्यावर मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. दांडा ओढला की तो त्या खाचांमुळे फिरतो आणि पुढे जोडलेल्या सळईच्या टोकाचं छोटं पातं नळीच्या आत तीच फिरकी उतरवतं. पातं दर खेपेला केसभर लोखंड खरवडतं. आणखी खोल जायचं असेल तर पात्याखाली कागदाचा एक कपटा सरकवायचा. कागद! अचूक मोजमापाची यंत्रं नसताना इतकं बारीक माप कशाने राखलं असेल, या प्रश्नाचं उत्तर माझ्या टिपणांत सहा महिने रिकामं होतं.

आमच्या क्षेत्रात या पद्धतीला 'पुनर्रचना' म्हणतात. जुनी वस्तू जुन्या साधनांनी पुन्हा करून पाहायची आणि करताना कळेल ते लिहून ठेवायचं. कागदपत्रांत कारागिराचे हात सापडत नाहीत, म्हणून ही पद्धत मोलाची. ठासणीच्या रायफली हौसेने घडवणाऱ्या मंडळींमध्ये हा चित्रपट पोथीसारखा मानला जातो तो यामुळेच, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

पण आता गाईडच्या पेन्सिलीकडे येतो.

पुनर्रचनेने एक गोष्ट पक्की सिद्ध होते : हे असं करता येतं. त्यावरून 'हे असंच केलं जायचं' या वाक्यावर उडी मारता येत नाही. चित्रपट ही उडी मोठ्याने मारत नाही, तो ती आपल्याकडून मारून घेतो. पडद्यावर नायक एकच. भट्टीपासून नक्षीपर्यंत कॅमेरा त्याच्या हातांवर आहे. तासाभराने आपण उठतो तेव्हा 'गस्लर यांनी हे केलं' याचं मनातल्या मनात 'त्या काळचे कारागीर हे करत' असं झालेलं असतं. माझं तसंच झालं होतं.

प्रत्यक्षात काय होतं? चापापासून सुरू करू. चाप म्हणजे इथे नुसता बोटाने ओढायचा भाग नव्हे, तर गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा. त्यातल्या स्प्रिंगांना नेमकं पाणी देणं हे वेगळंच कसब. अमेरिकेतले कारागीर हे चाप बऱ्याचदा इंग्लंडहून आलेले तयार घेत. पेनसिल्व्हेनियात, जिथे या लांब रायफलींची परंपरा बहरली, तिथे नळ्या तयार करणाऱ्या, पाण्यावर चालणाऱ्या वेगळ्या गिरण्या होत्या. कारागीर नळी आणि चाप आणायचा, दस्ता कोरायचा, पितळी भाग बसवायचा आणि सगळं एकमेकांत चपखल जुळवायचा. शिवाय रोजचं बरंचसं काम नव्या बंदुकीचं नव्हतंच, दुरुस्तीचं होतं.

विल्यम्सबर्गमध्येच गेडी कुटुंबाचं दुकान होतं. १७५१ मध्ये डेव्हिड आणि विल्यम गेडी या भावांनी 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये जाहिरात दिली होती. त्यात बंदुकीच्या कामाबरोबर ओतकाम आणि सुऱ्या-कात्र्यांचं कामही आहे. एका दुकानात अनेक कामं होत, एवढं यावरून कळतं. ती किती हातांनी होत, हे कळत नाही.

यातली गंमत पाहा. आज अमेरिकेत हौसेने अशी रायफल बनवणारे बहुतेक लोक नळी आणि चाप विकत आणतात आणि दस्ता स्वतः घडवतात. काही कट्टर मंडळींना ते कमअस्सल वाटतं. पण अठराव्या शतकातल्या रिवाजाच्या जवळ कोण आहे? तयार चाप आणणारा हौशी माणूस, सगळं एकट्याने करणारे गस्लर नव्हेत. गस्लर यांनी केलं ते त्या काळच्या सामान्य कारागिराच्या कितीतरी पुढचं आहे. चित्रपटाने हा त्यांचा पराक्रम म्हणून दाखवायला हवा होता. तो रिवाज वाटेल असा दाखवल्याने इतिहासाचं नुकसान होतंच, शिवाय गस्लर यांचं श्रेयही कमी होतं.

'किती हातांनी' हा प्रश्न नुसता तांत्रिकही नाही. अठराव्या शतकातल्या विल्यम्सबर्गमध्ये निम्म्याहून जास्त लोक गुलामीत असलेले आफ्रिकी वंशाचे होते. भाता कोण ओढायचं, कोळसा कोण आणायचं, घण कोण मारायचं, हे विचारलं की एकट्या कारागिराचं चित्र विस्कटतं. संग्रहालयाने कृष्णवर्णीयांचं जगणं पाहुण्यांसमोर मांडण्याचा कार्यक्रम १९७९ मध्ये सुरू केला, म्हणजे चित्रपटानंतर दहा वर्षांनी. एका चित्रपटाला सगळ्याचा जाब विचारणं अन्याय होईल. पण आज तो पुरावा म्हणून वापरणाऱ्याने, म्हणजे मी, हे विसरून चालणार नाही.

दुसरी उणीव मला आजोबांमुळे दिसली. चित्रपटाला बंदूक तयार होण्यात रस आहे, ती चालण्यात फारसा नाही. आमच्या घरी सावंतवाडीकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. लहानपणी मला बार उडण्याचं अप्रूप होतं. आजोबांचं सगळं लक्ष नंतरच्या कामावर असायचं. अंगणात गरम पाणी नळीत ओतायचं, काळंकुट्ट पाणी बाहेर पडायचं आणि सडक्या अंड्यासारखा वास यायचा. ते म्हणायचे, "पयलो बार खंयचीय बंदूक उडयता. पाचव्या बाराक काय करता ता बघ."

यामागे साधं रसायन आहे. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घन राहतो. काही धुरातून जातो, उरलेला नळीत चिकटतो आणि हवेतली ओल ओढतो. दोन-चार बारांनंतर गज जड जायला लागतो आणि नेम बिघडतो. रायफलीत ही अडचण जास्तच, कारण तेलकट चिंधीत धरलेली गोळी खाचांना घट्ट बसावी लागते. म्हणजे रायफल किती चांगली घडली आहे, याचा निकाल पहिल्या बाराला लागत नाही.

हा निकाल लावणारं ठिकाण नेमबाजीचं मैदान आहे. अमेरिकेत ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना १९३३ पासून आहे आणि इंडियाना राज्यात फ्रेंडशिप या छोट्या गावात तिच्या स्पर्धा भरतात. आंतरराष्ट्रीय महासंघ १९७१ चा. त्याच्या नियमात फक्त काळी दारू चालते. तीस मिनिटांत तेरा बार, त्यातले सर्वोत्तम दहा धरायचे. अस्सल जुन्या आणि नव्याने घडवलेल्या बंदुकांचे गट वेगळे. तेरा बार म्हणजे नळीतल्या काजळीशी गाठ पडणारच. कधी पुसायचं, चिंधी किती जाड घ्यायची, दर वेळी तेवढ्याच जोराने कसं ठासायचं, ही सगळी माहिती तिथे कागदाच्या निशाणावर भोकांच्या रूपात उमटते.

अर्थात हाही पुरावा जपूनच वापरायला हवा. नव्याने घडवलेल्या रायफलींच्या नळ्या बहुतेक आधुनिक पोलादाच्या असतात, गस्लर यांच्यासारख्या भट्टीत जोडलेल्या लोखंडाच्या नव्हेत. शिवाय मैदानावर ना जनावर पळतं, ना पाऊस थांबायची वाट पाहावी लागते. काळी दारू आणि ठासणं कसं वागतं, हे मैदान सांगतं. जुनं लोखंड कसं वागायचं, ते सांगत नाही.

तर आता माझ्या प्रकरणात एका वाक्याची तीन वाक्यं झाली आहेत. एक : त्या काळच्या साधनांनी एका कसबी माणसाला अख्खी रायफल घडवता येते, हे गस्लर यांनी करून दाखवलं आहे. दोन : व्यवहारात हे काम दुकानं, गिरण्या आणि आयात माल यांत वाटलेलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच हातांची नावं आपल्याकडे नाहीत. तीन : घडलेली रायफल कशी चालायची, यासाठी वेगळा पुरावा लागतो. तिन्हींना तळटीपा दिल्या आहेत.

चित्रपट जरूर पाहा. नळीचा सांधा धरतो तो क्षण आणि पात्याखालचा कागद यासाठी तर पाहाच. फक्त भाता दिसला की तो कोण ओढायचं, एवढं मनात विचारून ठेवा.

प्रकरण काल पुन्हा गाईडकडे गेलंय.