दोन्ही हाताला लागली का?

मिनिएचर घोड्याचं शिंगरू खच्ची करण्याजोगं झालं का, हे तपासायला मुरलेला पशुवैद्य आला, की शिंगराकडे कमी आणि वैद्याच्या हाताकडे जास्त बघावं. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमानुसार पूर्ण वाढलेला घोडाही ३४ इंचांहून उंच चालत नाही. तेव्हा शिंगरासाठी वैद्याला गुडघेच टेकावे लागतात. हात आधी मानेच्या बुडाशी टेकतो, पाठीवरून कुशीवर सरकतो आणि मग सावकाश जांघेत उतरतो. मला या तपासणीत सगळ्यात आवडते ती ही वाट. थेट खाली गेलेला गार हात लागला, की स्नायू आखडतो आणि उतरलेलं वृषणही वर खेचलं जातं. उतावळा तपासनीस तिथेच ‘उतरलं नाही’ म्हणून मोकळा होतो. मुरलेला वैद्य हात चोळून गरम करतो, पुन्हा चाचपतो. शिंगरू फारच बुजरं असेल तर गुंगीचं औषध देऊन स्नायू सैल पडेपर्यंत थांबतो.

पण काहीतरी हाताला लागलं म्हणून भागत नाही. ते काय आहे, हे ओळखण्यात खरी कारागिरी. कोवळ्या शिंगरात वृषणाला खाली आणणारा बंध इतका फुगीर असतो, की तोच वृषण वाटावा. कधी वृषण पोटातच अडकलेलं असतं आणि त्याला जोडलेल्या अधिवृषणाचं शेपूट तेवढं जांघेत उतरून बसतं. वृषण घट्ट, गुळगुळीत, बोटांतून निसटणारं. शेपूट मऊ आणि बारीक. पीठ मळताना मिठाचा खडा बोटाला कळावा, तसा हा फरक मुरलेल्या वैद्याला कळतो.

आणि एकच लागलं तर? एरवी जन्माच्या आसपासच दोन्ही उतरलेली असतात. या बुटक्या जातीत मात्र जांघेत रेंगाळलेलं वृषण शिंगरू दोन-तीन वर्षांचं होईपर्यंतही खाली येऊ शकतं. पोटात राहिलेलं येत नाही, कारण आतली वाट जन्मानंतर लवकरच आक्रसते. त्यासाठी वेगळी, मोठी शस्त्रक्रिया लागते. म्हणून वैद्य हाताला लागलेलं तेवढं काढून मोकळा होत नाही. आत राहिलेलं वृषण संप्रेरक बनवतच राहतं. घोडा दिसायला खच्ची, वागायला मात्र पुरता नर, आणि फसतं पुढचं गिऱ्हाईक. मालक घायकुतीला आलेला असतो, शिंगरू दिसेल त्याच्यावर चढत असतं, तरी वैद्य ‘अजून थांबू’ म्हणतो. माझी दाद या दोन शब्दांना.

दोन्ही सापडली तरी हात लगेच निघत नाही. दाबल्यावर आत जाणारं काही मऊ तिथे आहे का, हे तो बघतो. हर्निया असेल आणि तो ध्यानात न घेता चिरलं, तर जखमेतून आतडं बाहेर येऊ शकतं. मग धनुर्वाताची लस झाली का, हा प्रश्न, आणि खाण्याची चौकशी. उपासाने आणि ताणाने या लहानग्यांच्या रक्तात चरबी धोकादायकरीत्या वाढते. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी मोठ्या घोड्याला उपाशी ठेवण्याचे तास तो इथे जसेच्या तसे सांगत नाही.